बारा नळ्यांचा ॲक्रिलिक संच: कोकणातल्या हवेत वापरून केलेले परीक्षण

ॲक्रिलिक रंगांनी चित्रे काढायला सुरुवात करू इच्छिणाऱ्या मोठ्या माणसाने दुकानात मिळणारा बारा नळ्यांचा विद्यार्थी दर्जाचा, म्हणजे शिकणाऱ्यांसाठीचा स्वस्त, संच घ्यावा का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की तो जरूर घ्यावा, मात्र त्यातल्या पांढऱ्यावर विसंबून राहू नये आणि रंगांवर जेवढा खर्च होईल तेवढाच कागदावर आणि ब्रशवर करण्याची तयारी ठेवावी. हा संच मी रत्नागिरीत पावसाळा, थंडी आणि उन्हाळा अशा तिन्ही ऋतूंत वापरला आहे आणि हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे. ऋतूंचा उल्लेख मुद्दाम करत आहे, कारण ॲक्रिलिकविषयी जो सल्ला सहज मिळतो तो बहुतेक कोरड्या हवेतल्या किंवा थंड प्रदेशातल्या लोकांनी दिलेला असतो, आणि डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या दमट पट्ट्यात तो जसाच्या तसा लागू पडत नाही. कंपनीचे नाव येथे दिलेले नाही, कारण पुढे सांगितलेले बरेचसे गुणदोष या किमतीच्या आणि या दर्जाच्या सगळ्याच संचांत कमीअधिक प्रमाणात आढळतात, आणि वाचकाने आपल्या गावात जो संच मिळेल तोच घेऊन काम सुरू करावे असे मला वाटते.

संचात प्रत्येकी ९ मिलिलिटरच्या १२ नळ्या आहेत. पांढरा, काळा, लेमन यलो, डीप यलो, यलो ऑकर, ऑरेंज, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू, थॅलो ब्लू, सॅप ग्रीन आणि बर्न्ट सिएना असे रंग त्यात येतात. निवड चांगली आहे. ऑरेंज आणि सॅप ग्रीन हे दोन्ही रंग इतरांच्या मिश्रणातून तयार होऊ शकतात, त्यामुळे ते नसते तरी चालले असते. पण यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना हे दोन मातकट रंग दिलेले आहेत ही या संचाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, कारण कोकणातले जवळजवळ कोणतेही दृश्य या दोघांवाचून उभे राहत नाही. अडचण आहे ती पांढऱ्याची. रंग फिकट करायचा, झाकणशक्ती, म्हणजे खालचा थर झाकण्याची ताकद, वाढवायची, आभाळ भरायचे, पाण्यावरची चमक दाखवायची, या प्रत्येक कामाला पांढरा लागतो, आणि तो इतर रंगांइतकाच, म्हणजे ९ मिलिलिटर, दिलेला आहे. इतर नळ्या अर्ध्याही होत नाहीत तोवर पांढरी नळी दाबून दाबून सपाट झालेली असते. म्हणून संच घेतानाच पांढऱ्याची वेगळी मोठी नळी घ्यावी. देशी कंपन्यांच्या ॲक्रिलिकमध्ये ४० आणि १२० मिलिलिटरच्या नळ्या सुट्या मिळतात, आणि त्यातली १२० ची घेणे शहाणपणाचे ठरते.

आपल्याकडच्या पुष्कळ लोकांचा रंगांशी शेवटचा संबंध शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांच्या वेळी आलेला असतो, आणि तो पोस्टर कलरशी किंवा जलरंगाशी. नळी, पाणी आणि ब्रश तेच असल्यामुळे ॲक्रिलिकही तसाच वागेल अशी अपेक्षा मनात राहते. तसे होत नाही, आणि त्याचे कारण एकदा नीट समजून घेतले की पुढचा बराच गोंधळ टळतो. पोस्टर कलरमध्ये रंगद्रव्य डिंकासारख्या पदार्थाने धरलेले असते. तो वाळला तरी पाणी लावले की पुन्हा विरघळतो. ॲक्रिलिकमध्ये रंगद्रव्य ॲक्रिलिक राळेच्या अतिसूक्ष्म कणांसह पाण्यात तरंगत असते. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांना चिकटून त्यांचा सलग पापुद्रा तयार होतो, आणि हा पापुद्रा पाण्याने परत विरघळत नाही. कालचा थर आज ओल्या ब्रशने पुसता येत नाही, पण त्याच कारणाने आजचा थर कालच्यावर निर्धास्त चढवता येतो. खालचा रंग वर येऊन घाण होत नाही. पाण्यात मिसळणारे हे रंग चित्रकारांसाठी १९५५ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आले, म्हणजे तैलरंगांच्या मानाने हे माध्यम अगदी अलीकडचे आहे, आणि नवशिक्यासाठी त्याचा मोठा फायदा असा की न आवडलेला भाग वाळू देऊन त्यावर नव्याने रंगवता येतो.

याच रचनेमुळे आणखी एक गोष्ट घडते. ओली असताना ही राळ दुधाळ दिसते आणि वाळली की पारदर्शक होते, त्यामुळे रंग वाळल्यावर थोडा गडद होतो. या संचात तो फरक गडद निळ्या आणि तपकिरी मिश्रणांत चांगलाच जाणवतो. एखाद्या भिंतीचा अर्धा भाग आज आणि अर्धा उद्या रंगवायचा असेल, तर कागदाच्या तुकड्यावर मिश्रणाचा पट्टा ओढून तो वाळल्यावरच जुळवाजुळव करावी. अंदाजाने जुळवलेला रंग हमखास वेगळा निघतो.

आता हवेविषयी. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, हवेतच इतके पाणी असते की रंगातले पाणी बाहेर पडायला वेळ लागतो. व्हिडिओत 'दहा मिनिटांत वाळतो' असे सांगितलेला पातळ थर जुलैच्या झडीत अर्धा तास उलटला तरी बोटाला गार लागतो, आणि थर गार लागतो तोवर त्यातले पाणी गेलेले नसते हे पक्के समजावे. जाड थराचे आणखी वेगळे. तो दुधावर साय धरावी तसा वरून धरतो आणि आतून ओला राहतो. अशा वेळी त्यावर ब्रश फिरवला की वरचा पापुद्रा फाटून खालचा रंग चिखलासारखा वर येतो. या दिवसांत थर पातळ ठेवावेत, दोन चित्रांवर आळीपाळीने काम करावे, आणि घाईच असेल तर हेअर ड्रायर मंद आचेवर हातभर अंतरावरून फिरवावा. अर्थात पावसात लाईट जाते, तेव्हा ड्रायरवर भिस्त ठेवून कामाची आखणी करू नये. उलट, या संथ वाळण्याचा एक लाभही आहे जो कोरड्या हवेतल्या चित्रकाराला पैसे मोजून विकत घ्यावा लागतो. आभाळाचा निळा क्षितिजाकडे हळूहळू राखाडी होत जाताना दोन रंग ओले असतानाच एकमेकांत मिसळावे लागतात, आणि पावसाळ्यात त्यासाठी भरपूर अवधी मिळतो. रंग उशिरा वाळावा म्हणून बाजारात जो रिटार्डर मिळतो तो या चार महिन्यांत घेऊ नये. जास्त पडला तर थर दिवसेंदिवस चिकट राहतो.

डिसेंबर-जानेवारीत चित्र बदलते. सकाळी जमिनीकडून येणारा वारा कोरडा असतो आणि ताटलीवर काढलेला रंग कडेने पाहता पाहता धरू लागतो. एप्रिल-मेमध्ये हवा दमट असली तरी दुपारी समुद्रावरून येणारा वारा आणि डोक्यावरचा पंखा मिळून तेच करतात. या काळात ओली पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी ताटली, करून ठेवणे अत्यावश्यक आहे, आणि ती विकत घेण्याची गरज नाही. घट्ट झाकणाचा, उथळ, चौकोनी प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, तळाशी ओला करून पिळलेला सुती कपडा किंवा स्पंजचा पातळ तुकडा अंथरावा आणि त्यावर बेकिंगचा बटर पेपर सपाट बसवावा. खालचा ओलावा कागदातून थोडा थोडा रंगाला मिळत राहतो आणि झाकण लावले की रंग दुसऱ्या दिवशीही वापरण्याजोगा राहतो. एवढेच ध्यानात ठेवावे की आपल्याकडच्या उष्म्यात हा कपडा लवकर कुबट होतो. तो दोन-तीन दिवसांनी धुऊन कडकडीत उन्हात वाळवावा, नाहीतर काळी बुरशी आधी कपड्यावर आणि मग कागदावर येते.

रंगांची खरी पारख मी जांभ्यावर, म्हणजे कोकणातल्या तांबड्या, सच्छिद्र दगडावर, केली. नवीन कापलेला चिरा, म्हणजे जांभ्याचा ठोकळा, तांबूस नारिंगी असतो, त्यात पिवळे ठिपके आणि असंख्य भोके असतात. तोच चिरा गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीत, काही पावसाळे काढल्यावर काळपट तपकिरी होतो आणि श्रावणात त्यावर शेवाळ धरते. ताज्या चिऱ्यासाठी बर्न्ट सिएना दोन भाग, यलो ऑकर एक भाग आणि व्हर्मिलियनचा अगदी लहानसा ठिपका हे मिश्रण या संचातून नेमके जमते. भोकांसाठी काळी नळी उघडू नये. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन ब्लू समान घेतले की जो गडद, उबदार, जवळजवळ काळा रंग मिळतो तो जांभ्याच्या सावलीला शोभतो; नळीतल्या काळ्याने तीच भोके भिंतीवर डांबराचे थेंब पडल्यासारखी दिसतात. पद्धत अशी ठेवावी की आधी संपूर्ण भिंत या गडद मिश्रणाने भरून पूर्ण वाळू द्यावी, मग पॅलेट नाइफच्या, म्हणजे रंग मिसळायच्या बोथट सुरीच्या, पात्यावर तांबूस रंग घेऊन पाते जवळजवळ आडवे धरून हलक्या हाताने ओढावे. रंग फक्त उंचवट्यांवर बसतो, खोलगट जागी खालचा गडद थर तसाच दिसत राहतो, आणि चिऱ्याचा खडबडीतपणा एकेक भोक रेखाटत न बसता आपोआप उमटतो. येथेच विद्यार्थी दर्जाची मर्यादाही दिसते. हा रंग मऊ आहे. पात्याने उठवलेल्या कडा वाळता वाळता खाली बसतात आणि पोत निम्मा उरतो. ठळक पोत हवा असेल तर मॉडेलिंग पेस्टची लहान डबी घेऊन ती खालच्या थराला लावावी. संगमरवराच्या भुकटीची ही पांढरी पेस्ट वाळल्यावर टणक होते आणि तिच्यावर हाच स्वस्त रंग उत्तम दिसतो.

हिरव्याच्या बाबतीत सॅप ग्रीनची नळी सरळ वापरण्याचा मोह टाळावा. पावसाळी कोकणात हिरव्याच्या इतक्या छटा एकाच वेळी दिसतात की एका नळीतल्या रंगाने भरलेले चित्र लगेच खोटे वाटते. तरव्याचा, म्हणजे भाताच्या रोपांचा, कोवळा पोपटी लेमन यलोमध्ये थॅलो ब्लू अगदी किंचित घालून आणि यलो ऑकरने थोडा मातीकडे वळवून साधतो. आंब्याच्या जुन्या पानांचा गर्द हिरवा अल्ट्रामरीन आणि यलो ऑकरमधून येतो, आणि त्याच झाडाच्या तांबूस पालवीला बर्न्ट सिएनात क्रिमसनची छटा लागते. थॅलो ब्लू या संचातला सर्वांत जोरकस रंग आहे. काडेपेटीच्या काडीच्या टोकावर येईल तेवढाच घ्यावा, कारण तो जास्त झाला तर त्याला आवरण्यासाठी पिवळी आणि पांढरी नळी रिकामी करावी लागते. दोन्ही पिवळे मात्र दुबळे आहेत. त्यांची झाकणशक्ती कमी असल्यामुळे गडद झाडोऱ्यावर माडाच्या झावळीची उन्हातली कड सरळ पिवळ्याने काढली तर ती वाळताना खालच्या हिरव्यात बुडून जाते. तेथे आधी पांढऱ्याने रेषा काढावी, ती वाळली की तिच्यावर पिवळा फिरवावा. दोन टप्पे होतात, पण झळाळी टिकते.

समुद्र निळा काढण्याची सवय बहुतेकांना शाळेपासून असते. जुलैत रत्नागिरीतल्या मांडवीच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहिले तर निळा रंग शोधून सापडत नाही. नद्या-ओढ्यांतून आलेल्या तांबड्या मातीने किनाऱ्याजवळचे पाणी तपकिरी झालेले असते आणि पलीकडचे आभाळाइतकेच राखाडी असते. हे पाणी पांढऱ्यात यलो ऑकर, थोडी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून फार चांगले मिळते. दिवाळीनंतर पाणी निवळल्यावर थॅलो ब्लू, पांढरा आणि कणभर लेमन यलो यांचा हिरवट निळा उपयोगी पडतो. मांडवीची वाळू काळसर आहे, आणि ती काढताना ओल्या भागात आभाळाचा रंग उतरलेला असतो हे पाहिले की तिथेही काळ्या नळीची गरज उरत नाही. या संचातली काळी नळी माझ्याकडे जवळजवळ भरलेलीच आहे.

विद्यार्थी दर्जा आणि कलावंत दर्जा यांत फरक कशाचा, हे दुकानात अनेकदा विचारले जाते. मुख्य फरक रंगद्रव्याच्या प्रमाणाचा. स्वस्त रंगात द्रव्य कमी आणि भर जास्त असते, आणि महागड्या द्रव्यांच्या जागी त्यांच्यासारखे दिसणारे स्वस्त मिश्रण वापरलेले असते. अशा नळीवर रंगाच्या नावापुढे बहुधा 'ह्यू' असे छापलेले असते. नळीवर रंगद्रव्याचा संकेत दिला असेल तर तो वाचण्याची सवय लावून घ्यावी. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम पांढरा, पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५ म्हणजे थॅलो निळा. कंपन्या नावे वेगवेगळी देतात, संकेत मात्र बदलत नाही. एकाच द्रव्याने बनलेले रंग मिश्रणात स्वच्छ राहतात, तीन-चार द्रव्यांचे रंग एकत्र आले की मिश्रण मळकट होते. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत सुरू केलेल्या आणि आता जपानच्या कोकुयो समूहात असलेल्या कॅमलिनच्या कॅमल रंगांत विद्यार्थी आणि कलावंत असे दोन्ही दर्जे मिळतात. परदेशी रंगांत लिक्विटेक्सचे बेसिक्स आणि विन्सर अँड न्यूटनचे गॅलेरिया हे मधल्या पायरीवरचे आहेत. नवशिक्याने सगळा संच बदलू नये. पांढरा, अल्ट्रामरीन आणि एक चांगला पिवळा एवढेच वरच्या दर्जाचे घेऊन बाकी विद्यार्थी संचातले चालवले तरी चित्रात लक्षणीय फरक पडतो.

कागदाबाबत काटकसर करू नये. चित्रकलेच्या वहीचा कागद ओला रंग लागताच पन्हाळीसारखा उठतो आणि त्यावर रंगाचा काही दोष नसताना रंगाला दोष दिला जातो. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद, किंवा जेसो, म्हणजे रंगाआधीचे पांढरे अस्तर, लावून तयार मिळणारा कॅनव्हास पॅड घ्यावा. एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचे, तुकडे सुतारकामाच्या दुकानात स्वस्तात कापून मिळतात आणि त्यांचा सपाटपणा मोहात पाडणारा असतो, परंतु आपल्या हवेत त्यांच्या उघड्या कडा पाणी पिऊन फुगतात. त्यांना पुढून, मागून आणि चारही कडांना जेसोचे दोन हात द्यावेत, पहिला आडवा आणि दुसरा उभा. पावसाळ्यात दोन हातांमध्ये रात्र जाऊ द्यावी. कागद फळीवर लावायला लोखंडी क्लिपा वापरू नयेत. खाऱ्या हवेत त्या गंजतात आणि गंजाचा डाग जेसोतूनही वर येतो.

ब्रश कृत्रिम केसांचेच घ्यावेत. अर्धा इंची चपटा, ६ नंबरचा गोल आणि बारीक रेषेसाठी २ नंबरचा गोल एवढ्यावर पुष्कळ दिवस निभावते. काम करताना ब्रश पाण्याच्या भांड्यात उभा ठेवला की टोक वाकते, मुठीचा रंग सोलतो आणि धातूची पट्टी गंजू लागते. तो आडवा, ओला ठेवावा आणि काम संपल्यावर अंगाच्या साबणाने तळहातावर घासून धुवावा.

धुण्याच्या पाण्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण याचा विचार फारसा कोणी करत नाही. कोकणातल्या घरांत न्हाणीचे आणि मोरीचे पाणी बहुधा परसातल्या माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडलेले असते आणि विहीर त्यापासून फार लांब नसते. ॲक्रिलिक हे शेवटी प्लॅस्टिक आहे. ब्रश धुतलेले पाणी आळ्यात गेले की त्यातले कण मातीत राहतात. म्हणून ब्रश आधी जुन्या सुती कपड्याला कोरडाच पुसून घ्यावा. बहुतेक रंग तेथेच निघून जातो. मग एका बादलीत धुवावा, ती बादली एक-दोन दिवस तशीच राहू द्यावी, गाळ तळाशी बसला की वरचे पाणी जुन्या कापडातून गाळून ओतावे आणि गाळ कागदावर वाळवून कचऱ्यात टाकावा. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि ते पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडावे.

खरेदीविषयी थोडे. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी यांसारख्या गावांत शालेय साहित्याच्या दुकानात विद्यार्थी संच मिळतो. जेसो, मॉडेलिंग पेस्ट आणि मोठ्या नळ्या मात्र बऱ्याचदा कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईहून मागवाव्या लागतात. जूनमध्ये शाळा सुरू होताना दुकानांत ताजा माल आलेला असतो, तेव्हा संच घ्यावा. इतर वेळी खोका उघडून प्रत्येक नळी हलकेच दाबून पाहावी. कडक लागणारी किंवा टोपण उघडताच आधी पारदर्शक पाणी सोडणारी नळी जुनी असते. दाबून पाहू न देणाऱ्या दुकानातून रंग घेऊ नयेत. मी जेथून घेते त्या दुकानदारांनी पांढरी नळी सुटी मागितल्यावर, "ताई, पांढरा एकटा कोण मागत नाही, मागवून ठेवतो, पण घेऊन जा हां नक्की," असे सांगितले आणि आठवड्याने ती आली. आता ते तीन-चार नळ्या नेहमी ठेवतात. ऑनलाइन मागवण्यापेक्षा दुकानदाराला असे सांगून ठेवणे मला अधिक बरे वाटते, कारण एकदा मागणी आहे हे कळले की गावातल्या पुढच्या माणसालाही ती वस्तू मिळते.

पहिल्या चित्रासाठी सूर्यास्त निवडू नये. त्यात सगळी कसरत रंग एकमेकांत मिसळण्याची असते आणि ती नवशिक्याला लगेच साधत नाही. ॲक्रिलिकचा स्वभाव सपाट, भरीव रंगक्षेत्रांचा आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, रंगवणारे कारागीर काम करताना पाहायला मिळतात. त्यांची शिस्त पाहावी. आधी एका रंगाची निर्दोष सपाट जमीन, तिच्यावर दुसऱ्या रंगाची आकृती आणि शेवटी बारीक ब्रशची न थांबणारी रेषा. हा क्रम या रंगांना तंतोतंत मानवतो. कौलारू घराची एक बाजू, गडगा आणि मागचा सडा, म्हणजे उघडे कातळाचे पठार, असा विषय घेऊन आकार मोठे व मोजके ठेवले, तर थर चढवणे, कडा स्वच्छ राखणे आणि मिश्रण जुळवणे या तिन्ही गोष्टींचा सराव एकाच कागदावर होतो.

पूर्ण झालेली चित्रे ठेवण्याबाबत एक गोष्ट संचाच्या खोक्यावर छापायला हवी होती, पण ती कोठेच नाही. ॲक्रिलिकचा थर वाळल्यावरही पूर्ण कडक होत नाही. उष्म्यात तो किंचित मऊ पडतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या किंवा माळ्यावरच्या खोलीत दोन चित्रे समोरासमोर ठेवून वर पुस्तकांचे वजन आले, तर ती एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना रंगाचे पापुद्रे निघतात. दोन चित्रांमध्ये बेकिंगचा बटर पेपर घालावा आणि चित्रे आडवी न रचता उभी ठेवावीत. भिंतीवर टांगायचे असेल तर पावसाकडची, म्हणजे बहुधा पश्चिमेची, भिंत टाळावी. तीच टांगणे भाग असेल तर चौकटीच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे भिंत आणि चित्र यांमध्ये हवा खेळती राहते आणि कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरत नाही. व्हार्निशचा हात द्यायचा असेल तर तो दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांसाठी राखून ठेवावा. पावसाळी हवेत लावलेल्या व्हार्निशवर पांढुरकी झाक येते, आणि ती खालच्या गडद रंगांवर सर्वांत आधी दिसते.